पर्शियाला गेलेल्या पणजोबांची दफननोंद कुठे मिळेल?

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण दोन वर्षं एकाच जागी अडकलोय म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव दाभोळच्या खाडीत, आतल्या अंगाला. घरटी एक माणूस बोटीवर, हा पूर्वापार रिवाज. माझ्या नानीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात गेले. नानी तेव्हा पाळण्यात होती. तिने बापाचं तोंड पाहिलेलं नाही आणि त्यांची कबर तर घरातल्या कुणीच पाहिलेली नाही. नानी एवढंच सांगायची, "बापूस पर्शियावर गेला, तो आलाच नाय." पुढे कधीतरी तिची आई मचव्याने दाभोळला आणि तिथून आगबोटीने मुंबईला गेली, अंगठा देऊन पैसे घेऊन आली. त्या पैशांतून वाडीत विहीर बांधली. विहीर अजून आहे, मे महिन्यातही आटत नाही, आणि अख्खा गाव तिला 'पर्शियाची बाव' म्हणतो.

पर्शिया म्हणजे इराण. तेव्हा लढाई त्या बाजूला जोरात होती, म्हणून मी शेजारच्या इराकातल्या बसऱ्यापासून सुरुवात केली. तिथल्या स्मारकावर चाळीस हजारांवर नावं आहेत. स्पेलिंग बदलून बदलून रात्री जागवल्या, काही लागलं नाही. एका परदेशी कचेरीला तीन मेल टाकले, अजून उत्तर येतंय.

आई आता ऐंशीची आहे. जाता येईल न येईल, पण जागा कळली तर बरं, एवढंच तिचं म्हणणं. पणजोबांचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना ते नेटवर नको आहे. कुणी असं काही शोधलंय का?

कोकणी_कडवट
वाचतोय. पण खरं सांगू? आमच्या आजोबांची कबर गावातच आहे, चालत सात मिनिटं, आणि ती नेमकी कुठली यावर तीन काकांची तीन मतं. जांभ्याचे दोन चिरे, त्यावर शेवाळ. तुम्ही शंभर वर्षांपूर्वीची बसऱ्याची शोधताय. शुभेच्छा.

बोरूबहाद्दर
दफ्तरखान्यात उमर गेलेला माणूस आहे, म्हणून आधी प्रश्न.

१. पणजोबा फौजेत होते की व्यापारी बोटीवर?
२. डेकवर, इंजिनात की सलूनमध्ये (म्हणजे जेवणखाण-सरबराईच्या कामात)?
३. घरात त्यांची एखादी वस्तू आहे? कागदच हवा असं नाही.

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. युद्धातल्या मृतांच्या ज्या याद्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ठेवतं, त्यात पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ हा काळ धरतात. फौजेतला शिपाई या काळात तापाने गेला तरी यादीत येतो. व्यापारी बोटीवरचा खलाशी मात्र शत्रूच्या कारवाईत किंवा लढाईशी जोडलेल्या कारणाने गेला असेल तरच. १९१७ साली न्यूमोनियाने गेलेला खलाशी तिथे शोधत बसाल तर जन्म जाईल.

दुसरं, कुणीतरी तुम्हाला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या दफन नोंदी सुचवेलच. त्या चर्चकडून पाठवलेल्या नोंदी आहेत. ख्रिस्ती माणसांच्या. तुमच्या पणजोबांचा तिथे काही संबंध नाही, वेळ घालवू नका.

खाडीपलीकडचा
धन्यवाद. व्यापारी बोटीवर, हे नक्की. फौजेत आमच्या वाडीतून कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. डेक की इंजिन, माहीत नाही. कागद एकही नाही. याचंच कोडं आहे, कारण माझे दुसरे आजोबा (वडिलांचे वडील) पण बोटीवर होते आणि त्यांची नल्ली आम्ही अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीय. पणजोबांचं असं काहीच नाही.

वस्तू म्हणाल तर एक लाकडी खुंटा आहे. हातभर लांब, जड, एका टोकाला निमुळता होत गेलेला, घासून काळा तुळतुळीत झालेला. लहानपणी आम्ही त्याने कैऱ्या पाडायचो. तो पणजोबांचा, असं सगळे म्हणतात. कशाचा आहे कुणालाच माहीत नाही.

तारवटीची_लेक
नल्ली हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खलाशाची नोकरीची वही. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, वागणूक कशी, सगळं त्यात.

आम्ही सावंतवाडीकडचे ख्रिश्चन. माझे पप्पा आणि त्यांचे पप्पा दोघेही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, सलूनमध्ये. गोव्याकडची माणसं बहुतेक सलून-भंडारखान्यात, रत्नागिरीकडची डेकवर, असं तेव्हा ठरून गेलेलं होतं. आमच्या आजोबांचा माग मला दोन ठिकाणी लागला. एक म्हणजे धोबीतलावची कूड. गावोगावच्या तारवट्यांनी मुंबईत उतरण्यासाठी चालवलेली खोली, तिथे पेटी ठेवायची, देवापुढे मेणबत्ती लावायची आणि बोट मिळेपर्यंत थांबायचं. तिथल्या जुन्या वहीत वर्गणी भरल्याच्या नोंदी होत्या. एका महिन्यानंतर वर्गणी थांबली, तिथून पुढे शोधलं. दुसरं, गावच्या चर्चचं मयतांचं पुस्तक. देह गावात आलाच नव्हता, तरी त्यांच्यासाठी मिस्सा झाली म्हणून पाद्रीने ओळ लिहून ठेवली होती.

तुमच्या जमातीत अशी वही नसेल का हो? मशिदीच्या खर्चाची, दानाची?

खाडीपलीकडचा
ताई, विचारलं. १९६०च्या अलीकडच्या वह्या आहेत. आधीच्या वाळवीने वाचल्या.

मध्यरात्रीचा_वॉच
सेकंड इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षं झाली. तीन गोष्टी.

नल्ली घरी नाही याचं कोडं नाही. माणूस बोटीवर चढला की त्याचे कागद कॅप्टनकडे जमा. जो सुखरूप उतरतो त्याचे कागद घरी येतात. बोट बुडाली तर कागद बोटीबरोबर. वडिलांकडचे आजोबा घरी येऊन वारले ना? मग बरोबर.

तुमचा खुंटा म्हणजे फिड. जाड दोराचे पीळ उकलून सांधा घालायला वापरतात. फोटो टाका, पण वर्णनावरून दुसरं काही वाटत नाही. इंजिनातल्या आगवाल्याला फिडचं काही काम नसतं. तुमचे पणजोबा डेकवाले, सारंग-टिंडेलच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमांच्या) हाताखालचे. त्यानेच कैऱ्या पाडल्यात हे वाचून जीव जरा कळवळला.

आणि तिसरी गोष्ट विचारायची आहे. नानी 'पर्शियाला गेला' म्हणायच्या की 'पर्शियावर गेला'? नीट आठवून सांगा.

खाडीपलीकडचा
वर. धाग्याच्या सुरुवातीला मी तसंच लिहिलंय की. पण आमच्याकडे 'बोटीवर गेला' म्हणतात तसंच ते, असं धरून चाललो होतो.

थांबा.

मध्यरात्रीचा_वॉच
हां. खलाशी देशाला जातो आणि बोटीवर जातो. 'आफ्रिकेवर गेला' असं कुणी म्हणत नाही.

पी अँड ओ कंपनीची 'पर्शिया' नावाची बोट होती. डिसेंबर १९१५ मध्ये लंडनहून मुंबईला निघाली. जिब्राल्टर, मार्सेय, माल्टा करत पोर्ट सैदकडे चालली होती. ३० डिसेंबरला दुपारी जेवणाच्या वेळी, क्रीटच्या दक्षिणेला, यू-३८ या जर्मन पाणबुडीने इशारा न देता पाणतीर मारला. बोट काही मिनिटांत गेली. ५१९ माणसांपैकी ३४३ बुडाली. चार होड्या सुटल्या, त्यातल्या लोकांना तीसेक तासांनी एका ब्रिटिश नौकेने उचलून अलेक्झांड्रियाला नेलं.

मुंबईची बोट, खलाशी मुंबईत भरती केलेले. नानी पाळण्यात कधी होत्या?

खाडीपलीकडचा
काका, आता आईशी फोनवर बोललो. मी काही न सुचवता विचारलं, "नानी काय म्हणायची गं, पर्शियाला की पर्शियावर?" आई म्हणाली, "वर. कशावर गेला ते सांगायची ना ती. तू इराण इराण करत होतास तेव्हाच मला वाटत होतं, पण तू शिकलेला."

नानीचा जन्म १९१५च्या पावसाळ्यातला.

कोकणी_कडवट
माझे वरचे शब्द मागे. अंगावर काटा आला.

झोपाळू_वाचक
+१. नुसतं एका प्रत्ययावर! व्याकरणाच्या बाईंना हा धागा पाठवतोय.

तारवटीची_लेक
आत्ताच गूगल केलं आणि डोकं फिरलं. 'पर्शिया' म्हटलं की पानामागून पान एकच. कपूरथळ्याचे महाराजा जगतजितसिंग मार्सेयला उतरून गेले म्हणून वाचले, त्यांचे दागिने बोटीतच राहिले. रोल्स रॉइसच्या नाकावरची ती पंखवाली बाई जिच्यावरून घडवली असं म्हणतात, ती एलिनोर थॉर्नटन त्या बोटीवर बुडाली. तिचे साहेब लॉर्ड माँटेग्यू वाचले. मग २००३ साली कुणी तळाशी जाऊन माणकं वर काढली. समुद्र तिथे तीनेक किलोमीटर खोल आहे, तरी माणकं सापडली. खलाशांसाठी मात्र अर्धं वाक्य. "बहुसंख्य कर्मचारी हिंदी होते."

बोरूबहाद्दर
आता कामाला लागू. खाडीपलीकडचे, दफननोंद हा शब्द डोक्यातून काढा. दफन झालेलंच नाही. तुम्ही कबर शोधत होता म्हणून दोन वर्षं गेली. समुद्रावर गेलेल्या माणसाचा कागद त्याच्या पगारामागे तयार होतो. मेलेल्या खलाशाचा हिशोब कुणालातरी द्यावा लागायचा: किती दिवस भरले, किती उचल घेतली, बाकी किती, वारस कोण. तुमच्या पणजीने मुंबईत अंगठा दिला तो याच हिशोबावर.

आता ठिकाणं.

एक, खलाशांची यादी. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमने १९१५ सालच्या ब्रिटिश बोटींच्या याद्या ऑनलाइन टाकल्यात, फुकट. माणसाच्या नावाने जाऊ नका, बोटीच्या नावाने जा. 'पर्शिया' नावाच्या एकाहून जास्त बोटी निघतील, म्हणून बोटीचा नोंदणी क्रमांक ताडून पाहा. एक खोच आहे. देशी खलाशांचा करारनामा वेगळा व्हायचा, मुंबईच्या शिपिंग मास्तरसमोर. त्यामुळे त्याच बोटीच्या गोऱ्यांची यादी मिळते आणि आपल्यांची मिळेलच असं नाही.

दोन, समुद्रावरच्या मृत्यूंची रजिस्टरं. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथे 'बीटी ३३४' या खात्यात, १८९१पासूनची.

तीन, आणि इथूनच सुरुवात करा: मुंबईतलं १९१४-१९१८चं स्मारक. मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं. नावं वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत. तुम्ही बसऱ्याची चाळीस हजार नावं चाळलीत आणि तुमच्या कामाची यादी मशीद बंदरला होती.

सेंट_जॉन्सचा_पाहुणा
मी न्यूफाउंडलँडमध्ये शिकतो. इथल्या मेमोरियल विद्यापीठात ब्रिटिश बोटींच्या याद्यांचा जगातला सगळ्यात मोठा साठा आहे, बर्फातून दहा मिनिटं चाललं की झालं. सांगा, जाऊन बघतो. इथे मराठीत बोलायला कुणी नाही, तेवढंच निमित्त.

बोरूबहाद्दर
आभार, पण यावेळी बूट घालू नका. त्या साठ्याची वाटणी गमतीची झालीय. १८६१ ते १९३८च्या याद्यांपैकी दहा टक्के क्यूला, ज्या वर्षाचा शेवटचा आकडा पाच आहे त्या वर्षांच्या ग्रिनिचला, आणि उरलेल्यातला मोठा ढीग तुमच्याकडे. १९१५ तुमच्याकडे नसणार. १९१६, १७, १८ सालचे पणजोबा असलेले इथे कुणी असतील तर त्यांनी या मुलाला पकडा.

खाडीपलीकडचा
स्मारकाच्या यादीत पणजोबांचं नाव टाकलं. काही नाही. चार स्पेलिंगं करून झाली.

बोरूबहाद्दर
नाव टाकूच नका हो! कारकुनाने कानाला आलं ते लिहिलंय. इब्राहिमचे मी इब्राम, एब्रम, इब्राहीम आणि एकदा चक्क अब्राहम असे अवतार पाहिलेत. आडनाव बहुधा नसतं, बापाचं नाव असलं तर नशीब. नावाचा रकाना मोकळा ठेवा. स्मारक निवडा, मृत्यूची तारीख ३० डिसेंबर १९१५ घाला. जेवढी येतील तेवढी सगळी छापा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्यांनी वाचू नका, इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांना फसवतं. कानाला द्या.

मध्यरात्रीचा_वॉच
तोवर एक सांगतो, धाग्याला सोडून वाटलं तर माफ करा. आईंना समुद्रातल्या मातीबद्दल काय वाटत असेल याचा विचार करत होतो.

माझ्या नोकरीत एकदा हा प्रसंग आला. आमचा भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी), तुमच्याच बाजूचा, छातीत कळ येऊन गेला. जवळचं बंदर पाच दिवसांवर. सारंगाने त्याला आंघोळ घातली, पांढरं कापड बोटीत होतंच. वरून ताडपत्री शिवली, पायाशी जुने लोखंडी शॅकल बांधले. कंपास बघून दिशा धरली, डेकवर रांगा लावून नमाज झाली. मी ब्राह्मण, मी पण मागे उभा राहिलो. कॅप्टनने इंजिन थांबवलं. चालू इंजिनाच्या आवाजाची इतकी सवय असते की ते थांबलं की कानात दडे बसतात. फळी तिरकी केली. मग कॅप्टनने लॉगबुकात लिहिलं: वेळ, अक्षांश, रेखांश, कारण, खाली सह्या. घरच्यांकडे पुढे त्या ओळीची नक्कल गेली.

पर्शियावर यातलं काहीच झालं नाही, कळतंय मला. लॉगबुकही तळाशी गेलं. आणखी एक गोष्ट, कडू आहे पण पगाराचा विषय निघालाय म्हणून सांगतो. १८९४च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे बोट बुडाली की त्याच दिवशी खलाशाची नोकरी संपली, पगारही तिथवरच. तेव्हा बावीचे पैसे आले असतील ते ३० डिसेंबरपर्यंतच्या हिशोबाचे आणि वर काही मिळालं असेल तर ते. पणजीने त्यात विहीर बांधली म्हणजे बाई हिशोबाची पक्की.

तारवटीची_लेक
काका, धाग्याला सोडून अजिबात नाही.

खाडीपलीकडचा
उशिरा लिहितोय, रविवारी गावी गेलो होतो.

यादी छापून नेली. कितीतरी पानं निघाली. ओटीवर बसून वाचायला लागलो. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती, म्हणाली, वाच, हात चालू दे माझे. मी वाचत गेलो आणि ती मध्येच म्हणायची, "हा काय माणसाचं नाव आहे? पुन्हा म्हण." मग तीच दोन-तीनदा पुटपुटायची आणि नाव सुटायचं. स्क्रीनवर अक्षरांचा गुंता वाटत होता तो तिच्या तोंडात गेला की सरळ आमच्या खाडीतलं नाव व्हायचं. तिसऱ्या पानावर तिने सूप खाली ठेवलं.

पणजोबांच्या नावाशी जुळतील अशा दोन नोंदी आहेत, दोन्ही पर्शियाच्या, दोन्ही त्याच तारखेच्या. एक आगवाला, एक डेकचा लास्कर, म्हणजे देशी खलाशी. बापाचं नाव दोन्हीकडे नाही. मी आईला खुंट्याची गोष्ट सांगितली, काकांनी काय ओळखलं ते. ती उठली, माळ्यावरून खुंटा काढला, पदराने पुसला आणि मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "दोघांच्याही नावाने पढ. दुसऱ्याचं घर कुठलं ते आपल्याला काय माहीत."

तिच्याकडून आणखी एक निघालं. आमच्या वाडीत आणखी दोन घरांत 'पर्शियाचे' लोक होते म्हणे, एक घर पुढे करंजाला गेलं आणि एक बंद पडलंय. यादीतलं एक नाव त्या बंद घराचं असावं असं ती म्हणते. कुलूप गंजलंय, दारात रातांबा वाढलाय.

कोकणी_कडवट
पुराव्यात मात्र अजून गॅप आहे हं. दोन नोंदी, एक खुंटा.

बोरूबहाद्दर
आहे. डेकवाल्याकडे कौल आहे, शिक्कामोर्तब नाही. आता क्यूचं मृत्यूंचं रजिस्टर. तिथे वय किंवा मूळ गाव लिहिलेलं असलं तर मिटेल. सेंट जॉन्सच्या मुला, इंग्लंडला कधी जाणार?

सेंट_जॉन्सचा_पाहुणा
मे महिन्यात परिषद आहे लंडनला. एक दिवस काढतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीपलीकडचा
केला. आणि एक विचारायचं राहिलं. आईला बावीच्या काठावर तारीख कोरून हवी आहे. ३० डिसेंबर १९१५, गुरुवार. हिजरीत सफर १३३४, दिवस बहुतेक बाविसावा. चांद कधी दिसला यावर एखाद दिवस मागेपुढे होईल, म्हणून इमाम म्हणाले नुसता महिना घाला. पण कठडा जांभ्याचा आहे, आणि गवंडी म्हणतो जांभ्यावर अक्षर धरत नाही, दोन पावसाळ्यांत खडबडीत होऊन जाईल.

तारवटीची_लेक
काळ्या दगडाची पाटी वेगळी कोरून घ्या आणि कठड्यात बसवा. आमच्याकडे क्रूसाखाली तसंच करतात.

मध्यरात्रीचा_वॉच
रहाटाच्या बाजूला बसवू नका. दोर घासून अक्षरं जातील.